बर्फावर पाणी, समुद्रात पडदा, आकाशात गंधक: ध्रुव थंड ठेवण्याच्या संशोधनाविषयी

उत्तर ध्रुवाभोवतीचा आर्क्टिक प्रदेश उरलेल्या जगापेक्षा वेगाने तापत आहे, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असते. हा वेग दुप्पट आहे, असे अनेक वर्षे सांगितले जात होते. फिनलंडच्या हवामान संस्थेतील संशोधकांनी १९७९ पासूनच्या नोंदी पुन्हा तपासून २०२२ साली जो निष्कर्ष मांडला, त्यानुसार तो जागतिक सरासरीच्या जवळजवळ चौपट आहे. याचे एक मोठे कारण बर्फाच्या रंगातच दडलेले आहे. ताज्या हिमाने झाकलेला समुद्री बर्फ अंगावर पडणाऱ्या उन्हापैकी ८० ते ९० टक्के प्रकाश परत पाठवतो. उघडा, काळपट समुद्र जेमतेम ६-७ टक्के. त्यामुळे बर्फ वितळून जे पाणी उघडे पडते ते ऊन शोषून तापते, शेजारचा बर्फ वितळवते आणि उन्हाळाभर साठवलेली उष्णता हिवाळ्याच्या तोंडाशी हवेत सोडते. १९८० च्या दशकात सप्टेंबरमध्ये, म्हणजे उन्हाळ्याच्या अखेरीस, आर्क्टिकवर साधारण ७० लाख चौरस किलोमीटर समुद्री बर्फ शिल्लक राहत असे. २०१२ च्या सप्टेंबरात तो सुमारे ३४ लाखांवर आला.

जगाचे कार्बन उत्सर्जन शून्यावर येण्यास अजून काही दशके लागणार, हे उघड आहे. तोपर्यंत ध्रुवांवरचा बर्फ काही युक्तीने टिकवून धरता येईल का, हा प्रश्न घेऊन जे संशोधन चालते त्याला हवामानातील हस्तक्षेपाचे संशोधन किंवा जिओइंजिनिअरिंग म्हणतात. फिनलंडमधील लॅपलँड विद्यापीठाच्या पुढाकाराने २०२३ मध्ये झालेल्या एका आढाव्यात आर्क्टिक आणि उत्तरेकडील प्रदेशांसाठी सुचवलेले असे ६१ उपाय मोजले गेले. त्यांपैकी बहुतेक कागदावर किंवा संगणकावर आहेत. त्या सर्वांची जंत्री येथे देण्यात अर्थ नाही. ज्यांच्यावर प्रत्यक्ष पैसा आणि वाद खर्ची पडत आहे अशा तीन-चार कल्पना समजून घेतल्या तरी पुरे. या कल्पनांचे एक वैशिष्ट्य म्हणजे त्या समजायला एखादे मिनिट लागते, आणि हिशेब मांडायला बसले की वही पुरत नाही.

आधी एक फरक लक्षात ठेवावा लागेल, कारण बातम्यांत तो हमखास गाळला जातो. आर्क्टिकचा समुद्री बर्फ पाण्यावर तरंगतो. सरबताच्या काठोकाठ भरलेल्या ग्लासातला बर्फ विरघळला म्हणून सरबत सांडत नाही, तसा हा बर्फ वितळल्याने समुद्राची पातळी जवळपास वाढत नाही. नुकसान होते ते ऊन परत पाठवणारा आरसा गेल्यामुळे. ग्रीनलँड आणि अंटार्क्टिकावरचा बर्फ मात्र जमिनीवर उभा आहे. तो समुद्रात आला की ग्लासात बाहेरून नवे खडे टाकल्यासारखे होते. ग्रीनलँडचा सगळा बर्फ वितळला तर जगभर समुद्र सुमारे ७ मीटर चढेल, अंटार्क्टिकाचा सगळा वितळला तर ५८ मीटरच्या आसपास. तेव्हा तरंगत्या बर्फासाठी सुचवलेले उपाय आणि जमिनीवरच्या बर्फासाठी सुचवलेले उपाय एकाच मापाने मोजता येत नाहीत.

तरंगत्या बर्फाचा उपाय पाहायचा तर कॅनडाच्या उत्तर टोकाकडील नुनावुत प्रदेशात केंब्रिज बे नावाच्या इनुइट वस्तीजवळ जावे लागते. ब्रिटनमधील रिअल आइस नावाच्या कंपनीने तेथे गोठलेल्या समुद्रावर काही हिवाळे प्रयोग केले आहेत. बर्फात ड्रिलने एक भोक पाडतात, त्यातून पाण्यात बुडणारा पंप खाली सोडतात आणि बर्फाखालचे समुद्राचे पाणी वर आणून हिमावर पसरू देतात. हवा शून्याखाली ३० अंशांच्या आसपास असते. पांढऱ्या भुसभुशीत हिमात पाणी मुरत जाते, तो भाग करडा-निळसर, ओलसर दिसू लागतो आणि पुढे तो सारा थर घट्ट गोठतो.

यातली खरी गंमत वर ओतलेल्या पाण्यात नाही. आपल्याकडे रसवंतीगृहाच्या दारात उन्हाळ्यात बर्फाची लादी येते ती गोणपाटात गुंडाळून, लाकडाच्या भुशात घोळवून. भुशात अडकलेली हवा बाहेरची उष्णता आत जाऊ देत नाही. समुद्री बर्फावर साचलेले हिम नेमके भुशाचे काम करते, फक्त उलट दिशेने. खालचे समुद्राचे पाणी उणे १.८ अंशांवर, म्हणजे गोठण्याच्या उंबरठ्यावर असते, वरची हवा त्याहून कितीतरी थंड असते, आणि मधले हिम ती थंडी खाली पोचू देत नाही. हिमात पाणी भरून ते गोठवले की त्यातील हवा जाते, भुसा उडून गेल्यासारखा होतो, वरची थंडी खाली उतरते आणि बर्फ तळातूनही आपोआप जाड होऊ लागतो. प्रयोग करणाऱ्यांनी दिलेल्या आकड्यांनुसार एका हिवाळ्यात पंप चालवलेल्या जागेवरचा बर्फ शेजारच्या जागेपेक्षा सुमारे अर्धा मीटर जाड झाला. जाड बर्फ उन्हाळ्यात अधिक काळ टिकेल, अशी अपेक्षा आहे. मात्र वर आलेले पाणी खारट असते आणि मिठामुळे बर्फ लवकर वितळण्याची शक्यता असते. त्यामुळे उन्हाळ्यात त्याचे काय होते, हा या प्रयोगाचा निम्मा प्रश्न आहे. ब्रिटन सरकारच्या आरिया या संशोधन संस्थेने २०२५ साली हवामान थंड करण्याच्या संशोधनासाठी जे सुमारे ५ कोटी ७० लाख पौंड जाहीर केले, त्यांतील एक वाटा याच कामाला मिळाला आहे.

आता वही उघडू. प्रयोगाची जागा काही हजार चौरस मीटरची, आणि आर्क्टिक महासागर सुमारे दीड कोटी चौरस किलोमीटरचा. ॲरिझोना स्टेट विद्यापीठातील स्टीव्हन डेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६-१७ च्या सुमारास हा हिशेब मांडला होता: आर्क्टिकच्या केवळ १० टक्के भागावरचा बर्फ एका हिवाळ्यात मीटरभर जाड करायचा तर पवनऊर्जेवर चालणारे सुमारे १ कोटी पंप लागतील आणि खर्च ५०० अब्ज डॉलरच्या घरात जाईल. हे पंप सरकत्या, तडकणाऱ्या बर्फावर, चार-चार महिने सूर्य न उगवणाऱ्या प्रदेशात चालू ठेवायचे. गावच्या नळपाणी योजनेचा एक पंप वर्षभर धड चालू ठेवताना ग्रामपंचायतीच्या नाकी नऊ येतात, हे आठवले की एक कोटी या आकड्याचा अर्थ कळतो. डेश यांच्या हिशेबाची मला वाटणारी किंमत अशी की त्याने कल्पनेच्या बाजूने बोलतानाच तिचे वजन दाखवून दिले.

याच तरंगत्या बर्फासाठी अमेरिकेतील आर्क्टिक आइस प्रोजेक्ट या संस्थेने दुसरी वाट धरली होती. काचेच्या जातीच्या सिलिकाचे अतिसूक्ष्म पोकळ मणी बर्फावर पसरायचे, म्हणजे तो अधिक चमकेल आणि कमी वितळेल. अलास्कातील एका गोठलेल्या तळ्यावर त्याच्या चाचण्याही झाल्या. पुढे मेलिंडा वेबस्टर आणि स्टीफन वॉरन या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवून दिले की हे मणी थोडेसे ऊन शोषतात. काळपट, पातळ बर्फावर ते उपयोगी पडतील, पण शुभ्र हिमावर पडले तर त्याला उलट मळवतील, आणि आर्क्टिकमध्ये ऊन कडक असते तेव्हा बहुतेक बर्फ हिमाने झाकलेलाच असतो. सबंध आर्क्टिकसाठी दरवर्षी सुमारे ३६ कोटी टन मणी लागतील, असाही त्यांचा हिशेब होता. मण्यांच्या समुद्री जीवांवर होणाऱ्या परिणामांच्या चाचण्यांतून चिंताजनक निष्कर्ष आले आणि २०२५ च्या प्रारंभी संस्थेने काम बंद केले. याला कोणी अपयश म्हणतात. प्रयोग करून, मोजमाप घेऊन, उपाय चुकीचा ठरल्यावर थांबणे हेच संशोधन असते, असे मला वाटते.

जमिनीवरच्या बर्फाचा प्रश्न निराळा आहे आणि त्याचे केंद्र पश्चिम अंटार्क्टिकातील थ्वेट्स हिमनदी आहे. समुद्राला मिळते तेथे ती सुमारे १२० किलोमीटर रुंद आहे. तिचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या ६० टक्क्यांहून अधिक भरते. ती एकटी पूर्ण वितळली तर जगभर समुद्र सुमारे ६५ सेंटिमीटर चढेल. तिचा दोष तिच्या बैठकीत आहे. ती ज्या खडकावर बसली आहे तो समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि आत, भूखंडाच्या दिशेने जावे तसा अधिकच खोल होत जातो. त्यामुळे हिमनदीची कड मागे सरकली की समोर येते ती आणखी उंच, आणखी जाड बर्फाची भिंत, आणि झीज वाढत जाते. झीज करणारे ऊन नव्हे. अंटार्क्टिकाभोवतीच्या महासागराच्या खोल थरातले थोडे कोमट, खारे पाणी तळाशी शिरून बर्फ खालून खाते. अमेरिका आणि ब्रिटनच्या संयुक्त मोहिमेने जानेवारी २०२० मध्ये गरम पाण्याच्या झोताने जवळजवळ ६०० मीटर बर्फ भेदून आइसफिन नावाचा पेन्सिलीसारखा निमुळता यंत्रमानव खाली सोडला. तेथील पाणी गोठणबिंदूपेक्षा साधारण दीड अंशाने उबदार होते. सपाट तळाचा बर्फ अपेक्षेपेक्षा सावकाश वितळत होता, पण भेगांच्या भिंती आणि पायऱ्यापायऱ्यांचे उभे उतार वेगाने झिजत होते. कॅमेऱ्याला दिसलेल्या त्या पायऱ्यांचा विचार तोवरच्या बहुतेक संगणकीय प्रतिमानांत नव्हता.

हे कोमट पाणी आत येते ते समुद्रतळावरच्या ठरावीक खोलगट वाटांनी. तेव्हा त्या वाटेवर तळापासून उभा राहणारा, वरच्या कडेला तरंगणारे भाग लावलेला, लवचीक पडदा बांधावा, असे लॅपलँड विद्यापीठातील जॉन मूर, हिमनद्यांचे अभ्यासक मायकेल वोलोविक आणि त्यांचे सहकारी सुचवतात. दारातून येणारा पावसाचा लोंढा अडवायला आपण उंबऱ्याशी पोती रचतो, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की उंबरा शेकडो मीटर पाण्याखाली आणि ८० किलोमीटर लांब. त्यांच्या अंदाजानुसार बांधणीचा खर्च ४० ते ८० अब्ज डॉलर, शिवाय दरवर्षीची दुरुस्ती. समर्थकांचे म्हणणे असे की जगभरच्या किनाऱ्यांवर भिंती बांधण्यापेक्षा हे स्वस्त पडेल. खर्चाच्या तुलनेत त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण ज्या समुद्रात संशोधन जहाजालाही उन्हाळ्यातले मोजके आठवडे वाट मिळते, जेथे हिमनग तळ घासत पुढे सरकतात, तेथे हा पडदा दशकानुदशके उभा ठेवायचा आहे. अडवलेले पाणी शेजारच्या दुसऱ्या हिमनदीखाली वळले तर काय, आणि तळातून वर येणारी पोषकद्रव्ये अडली तर तेथील जीवसृष्टीचे काय, हेही प्रश्न आहेतच.

पडद्याइतकी चर्चा न झालेली, पण मला अधिक कुतूहलाची वाटणारी कल्पना म्हणजे हिमनदीच्या तळाशी वंगणासारखे पसरलेले पाणी उपसून किंवा गोठवून तिला खडकावर बसवणे. तिला निसर्गातला दाखला आहे: पश्चिम अंटार्क्टिकातीलच काम्ब हा हिमप्रवाह एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास जवळजवळ जागच्या जागी थांबला, आणि तळाच्या पाण्याची वाट बदलल्याने तसे झाले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. तेच माणसाला घडवून आणता येईल का, हे मात्र दोन-तीन किलोमीटर बर्फाखालच्या पाण्याचा नकाशा हाती आल्याशिवाय सांगता येणार नाही.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा उपाय ध्रुवावर नाही, आकाशात आहे. १५ जून १९९१ रोजी फिलिपिन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीने सुमारे दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड स्थितांबरात, म्हणजे ढगांच्या वरच्या हवेच्या थरात, फेकला. त्याचे सूक्ष्म थेंब झाले, त्यांनी ऊन परतवले आणि पुढच्या वर्षभरात पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. हेच काम विमानांनी करावे, ही कल्पना जुनी आहे; ते केवळ ध्रुवांसाठी करावे, ही तिची नवी आवृत्ती. विषुववृत्तावर स्थितांबर गाठायला सुमारे १७ किलोमीटर चढावे लागते, ध्रुवांजवळ ते बरेच खाली येते. म्हणून येल विद्यापीठातील वेक स्मिथ आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये असा आराखडा मांडला की ६० अंश उत्तर आणि दक्षिण अक्षांशांवर १३ किलोमीटर उंचीवर, वसंत आणि उन्हाळ्याच्या प्रारंभी, सुमारे १२५ टँकर विमानांनी फवारणी केली तर ध्रुवप्रदेश २ अंशांनी थंड होतील आणि वर्षाचा खर्च ११ अब्ज डॉलर येईल. पंपांच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. या उपायाचा धोका त्याच्या स्वस्तपणात आहे, कारण एखाद्या मध्यम आकाराच्या देशालाही तो परवडू शकतो.

याला भौतिक मर्यादाही आहेत. ध्रुवावरच्या लांबलचक रात्रीत परतवायला ऊनच नसते, आणि आर्क्टिकची तापमानवाढ शरद आणि हिवाळ्यात सर्वाधिक असते. बर्फ आधीच शुभ्र असल्याने त्यावर आणखी सावली धरून फारसा फरक पडत नाही. फवारा दरवर्षी द्यावा लागतो. तो एकाएकी थांबला तर दाबून ठेवलेली सगळी तापमानवाढ थोड्या वर्षांत अंगावर येते.

पण आपल्याला विचार करायला लावणारी बाब वेगळी आहे. विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा दोन्ही गोलार्धांपैकी जो अधिक तापलेला असेल त्याच्याकडे झुकतो. उन्हाळ्यात उत्तर गोलार्ध तापतो, पट्टा उत्तरेकडे सरकतो, आणि आपल्याकडे मृग बरसतो. फक्त उत्तर ध्रुवाकडचा भाग मुद्दाम थंड केला तर हा पट्टा दक्षिणेला ढळेल. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील गोविंदसामी बाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकीय प्रतिमानावर हाच प्रश्न तपासला. केवळ आर्क्टिकवर फवारणी केल्यास उत्तर गोलार्धातील मोसमी पाऊस घटतो, आणि दक्षिण ध्रुवाकडेही तोडीस तोड फवारणी केली तर पट्टा पुष्कळसा जागेवर राहतो, असे त्यांना आढळले. स्मिथ यांच्या आराखड्यात दोन्ही ध्रुव का आहेत, हे यावरून ध्यानात येईल.

इतिहासातही याचे पुरावे आहेत. आइसलँडमधील लाकी येथील भेगेतून जून १७८३ पासून आठ महिने लाव्हा आणि सुमारे १२ कोटी टन सल्फर डायऑक्साइड बाहेर पडत होता. त्या वर्षी नाईल नदीचा पूर अपुरा ठरला आणि इजिप्तमध्ये दुष्काळ पडला. त्या उद्रेकाचे संगणकीय अनुकरण केले असता आफ्रिकेचा आणि भारताचाही मान्सून दुर्बळ झालेला दिसतो. ब्रिटिश संशोधकांनी २०१३ मध्ये आफ्रिकेतील साहेल प्रदेशाच्या १९०० पासूनच्या चार सर्वांत कोरड्या उन्हाळ्यांचा मागोवा घेतला, तेव्हा त्यांपैकी तीन उन्हाळ्यांच्या आधी उत्तर गोलार्धात मोठे ज्वालामुखी फुटलेले निघाले. मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला आर्क्टिकशी काय देणेघेणे, असे कोणी विचारले तर उत्तर या पट्ट्यात आहे.

मग असे निर्णय कोण घेणार? २०२१ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या चमूला स्वीडनमधील किरुना येथून एक फुगा वर सोडायचा होता; त्यातून काही फवारलेही जाणार नव्हते, फक्त उपकरणांची चाचणी होती. तेथील मूळ रहिवासी असलेल्या सामी लोकांच्या परिषदेने आक्षेप घेतला की आम्हांला कोणी विचारले नाही. चाचणी रद्द झाली आणि मार्च २०२४ मध्ये सगळा प्रकल्पच गुंडाळण्यात आला. फुगा निरुपद्रवी होता, हे खरे. पण पहिल्या निरुपद्रवी पायरीवर विचारले नाही तर पुढच्या पायरीवर कोण विचारणार, हा त्यांचा प्रश्नही खराच होता. शास्त्रज्ञांतही एकमत नाही. ब्रिटनमधील मार्टिन सीगर्ट आणि चाळीसहून अधिक ध्रुवतज्ज्ञांनी २०२५ च्या सप्टेंबरात पाच प्रमुख उपाय तपासून त्यांपैकी एकही व्यवहार्य नाही, असा निर्वाळा दिला. असे उपाय म्हणजे उत्सर्जन कपात लांबणीवर टाकण्याचे निमित्त ठरतील, अशी भीतीही त्यांनी व्यक्त केली. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की उपाय चुकीचा आहे हे सिद्ध करायलाही संशोधनच लागते. मला हे दुसरे म्हणणे अधिक पटते, मात्र ते प्रतिमाने, मोजमापे आणि केंब्रिज बेसारख्या लहान, परत घेता येण्याजोग्या प्रयोगांपुरतेच. फवारणीचा लहान प्रयोग आणि मोठी अंमलबजावणी यांच्यामधली रेघ फार पुसट आहे.

आर्क्टिकच्या आकाशासाठी आज असे निर्णय कोणी घ्यावेत याचा नियम घालून देणारी कोणतीही सर्वमान्य यंत्रणा नाही. अंटार्क्टिकाची गोष्ट वेगळी आहे. थ्वेट्स हिमनदी ज्या भागात आहे त्यावर कोणत्याही देशाने हक्क सांगितलेला नाही, आणि १९५९ च्या अंटार्क्टिक करारानुसार तेथील निर्णय सल्लागार देशांच्या सहमतीने होतात. भारत १९८३ पासून असा सल्लागार देश आहे. मे २०२४ मध्ये या देशांची बैठक कोचीतच झाली. या कराराला जोडलेल्या १९९१ च्या माद्रिद प्रोटोकॉलप्रमाणे तेथील मोठ्या कामाचा पर्यावरणीय परिणामांचा सविस्तर अहवाल आधी सर्व सदस्य देशांकडे पाठवावा लागतो. उद्या कोणी ८० किलोमीटर पडद्याचा प्रस्ताव आणलाच, तर त्याचा अहवाल दिल्लीमार्गे गोव्यात, वास्को द गामा येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राच्या टेबलावर येईल, आणि अडवलेले कोमट पाणी नेमके कोणत्या हिमनदीखाली जाणार आहे, याचा आकडा तेथील अभ्यासकांना स्वतः काढून पाहावा लागेल.